सदुसष्ट शब्द

ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कागदावर टाइप केलेलं ते पत्र एका पानात संपतं. तारीख २ नोव्हेंबर १९१७. लिहिलंय लॉर्ड रॉथशील्ड यांना, आणि खाली सही आहे परराष्ट्रमंत्री आर्थर जेम्स बाल्फोर यांची. हे वॉल्टर रॉथशील्ड घरच्या पेढीपेक्षा पक्षी आणि फुलपाखरांत रमणारे गृहस्थ. झेब्रे जुंपलेली गाडी लंडनच्या रस्त्यांवरून हाकणारे म्हणून लोक त्यांना ओळखत. पत्र म्हणजे तह नव्हे, कायदा नव्हे, संसदेचा ठरावही नव्हे. सरकारनं काय ठरवलं ते कळवलं आहे आणि ज्यूंच्या राष्ट्रीय घरासाठी झटणाऱ्या झायोनिस्ट फेडरेशनच्या कानावर घालावं अशी विनंती केली आहे, एवढंच. नेमका मजकूर इंग्रजीत ६७ शब्दांचा, आणि तोही एकाच वाक्यात.

त्याचा आशय असा: ज्यू लोकांसाठी पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय निवासस्थान उभं राहावं, याकडे सरकार अनुकूलतेनं पाहतं आणि त्यासाठी होईल तेवढा प्रयत्न करील, मात्र तिथे आज राहत असलेल्या ज्यूतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना, किंवा इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि राजकीय दर्जाला बाधा येईल, असं काहीही केलं जाणार नाही. एक आश्वासन आणि त्याला दोन अटी.

हे वाक्य मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडखळतो. त्यातलं प्रत्येक पद भांडून आत आलेलं आहे. जुलै महिन्यात झायोनिस्ट नेत्यांनी जो मसुदा पाठवला, त्यात अख्खं पॅलेस्टाइनच ज्यूंचं राष्ट्रीय निवासस्थान व्हावं, असं मागितलं होतं. नोव्हेंबरपर्यंत त्याचं 'पॅलेस्टाइनमध्ये एक निवासस्थान' झालं. ते किती मोठं, कुठून कुठपर्यंत, त्याला राज्य म्हणायचं की वसाहत, याबद्दल अवाक्षर नाही. अटी तर ऑक्टोबरात, शेवटच्या हातघाईत जोडल्या गेल्या. युद्धमंत्रिमंडळाच्या कचेरीतल्या लिओ अ‍ॅमेरी यांच्याकडे ते लिखाणाचं काम आलं होतं. ज्याला जे हवं ते त्यात सापडावं, आणि सरकारला मात्र कशातच पकडता येऊ नये, इतक्या बेतानं ते वाक्य बसवलेलं आहे.

ते बसवलं जात होतं तेव्हा ब्रिटन युद्ध जिंकेल, अशी खात्री कुणालाच नव्हती. फ्लँडर्सच्या चिखलात पाशेंडेलची लढाई माणसं गिळत होती. ऑक्टोबरच्या अखेरीस कापोरेत्तोला इटलीची फौज कोसळली. रशियात झार गेला होता आणि त्याच्या जागी आलेलं सरकारही डगमगत होतं. अमेरिका एप्रिलमध्ये युद्धात उतरली खरी, पण तिचे सैनिक अजून आघाडीवर पुरेसे पोचले नव्हते. आणि ज्या भूमीबद्दल हे आश्वासन द्यायचं होतं ती तर तुर्कांच्या ताब्यात होती. ३१ ऑक्टोबरला युद्धमंत्रिमंडळानं मसुद्याला मान्यता दिली, त्याच दिवशी संध्याकाळच्या सुमारास ऑस्ट्रेलियन घोडेस्वारांनी बीरशेबाच्या विहिरींवर धाव घेतली आणि ते गाव घेतलं. जेरुसलेम हाती यायला आणखी सहा आठवडे लागायचे होते.

अशा वेळी सरकारं शब्द देतात. ब्रिटननं याआधीच दोन ठिकाणी शब्द दिला होता. कैरोतले हाय कमिशनर सर हेन्री मॅकमहोन यांनी मक्केच्या शरीफ हुसेन यांना पत्रं लिहिली: तुर्कांविरुद्ध उठा, अरबांचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करू. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात त्यांनी दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो यांच्या पश्चिमेकडचा भाग वगळला. त्या वगळलेल्या भागात पॅलेस्टाइन येतं की नाही, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. दुसरा शब्द फ्रान्सला. ब्रिटनच्या मार्क साइक्स यांनी डाउनिंग स्ट्रीटवर नकाशा दाखवत, अक्का या नावाच्या शेवटच्या अक्षरापासून किर्कुकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत एक रेघ ओढावी, असं सुचवलं होतं. मे १९१६ मध्ये त्यांचा आणि फ्रान्सच्या जॉर्ज-पिको यांचा गुप्त करार पक्का झाला. त्यात पॅलेस्टाइनच्या मोठ्या भागावर आंतरराष्ट्रीय कारभार असायचा होता. कोकणात किंवा देशावर जमिनीच्या तंट्यात वाढलेल्या माणसाला हे लगेच कळेल: सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचंच, आणि त्याच तुकड्याची तीन साठेखतं तीन माणसांना करून दिलेली.

त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला आपली माणसं होती, हे इकडे क्वचितच कुणाला आठवतं. साइक्स-पिको करार पक्का होण्याच्या पंधरवडाभर आधी, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर जनरल टाउनशेंड शरण गेले. त्यांची फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपाशी, आजारी अवस्थेत त्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं गेलं. किती घरांत पुढे पत्र आलं नसेल. सातारा भागातल्या काही गावांत महायुद्धाला गेलेल्यांची संख्या कोरलेल्या पाट्या आहेत. कुणाच्या नकाशासाठी ते गेले, हे त्यांतल्या एकीवरही लिहिलेलं नाही.

बाल्फोर यांच्या पत्रामागची कारणं इतिहासकारांनी पुष्कळ उकरली आहेत. अमेरिकेतल्या आणि रशियातल्या ज्यूंचं मत आपल्या बाजूला वळलं, तर अमेरिका जोमानं लढेल आणि रशिया युद्धातून बाहेर पडणार नाही, असं लंडनला वाटत होतं. जर्मनी आपल्या आधी अशी घोषणा करील, ही भीतीही होती. या हिशेबाच्या मुळाशी एक जुना गैरसमज होता, की ज्यूंच्या हाती जगाच्या गुप्त चाव्या असतात. ज्या समजुतीपायी युरोपभर ज्यूंचा छळ झाला, तिचाच उलटा फायदा घेऊ पाहणारं हे राजकारण होतं. आणि हिशेब फसला. घोषणा ९ नोव्हेंबरला वर्तमानपत्रांत छापून आली, तोवर पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली होती. त्यांनी महिनाभरातच झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले, त्यांत साइक्स-पिकोही होता.

दुसरं कारण अधिक टिकाऊ, आणि ते सरळ मुंबईशी जोडलेलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्की फौज सिनाईचं वाळवंट ओलांडून सुएझ कालव्यापर्यंत आली होती. तिला परतवण्यात हिंदी शिपायांचा मोठा वाटा होता. कालवा म्हणजे हिंदुस्थानचा रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला आपल्याला धरून राहील असा प्रदेश हवा, ही पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या मनातली गोष्ट होती. फ्रेंचांना तिथून दूर ठेवायचं, तर त्याला एखादं उदात्त निमित्त लागत होतं.

पण हे सगळं सांगून झाल्यावरही मला झायोनिस्ट नेते हाइम वाइझमन यांच्याकडे वळावंसं वाटतं, कारण केवळ साम्राज्याच्या गणितानं ही गोष्ट पुरी होत नाही. पिन्स्कजवळच्या मोतोल या खेड्यात १८७४ साली जन्मलेला हा माणूस झारच्या राज्यातला, जिथे ज्यूंनी कुठे राहायचं तेही सरकार ठरवी. १९०३ मध्ये किशिनेवला दंगल झाली, ४९ ज्यू मारले गेले, घरंच्या घरं फोडली गेली. पळालेल्यांपैकी कित्येकांना इंग्लंडला यायचं होतं. तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधानपदी बाल्फोरच होते आणि १९०५ साली परदेशी स्थलांतरितांना अडवणारा कायदा त्यांच्याच सरकारनं केला. आपल्या दारातून ज्यांना आत घेतलं नाही, त्यांना बारा वर्षांनी दूरच्या, दुसऱ्याच्या भूमीत घर देऊ करणारे तेच. हा धागा मला फार टोचतो.

वाइझमन मँचेस्टरच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. धान्यातल्या पिठाला एका जिवाणूच्या मदतीनं आंबवून अ‍ॅसिटोन काढायची रीत त्यांनी शोधली. तोफगोळ्यांना लागणारं कॉर्डाइट अ‍ॅसिटोन वापरून बनवलं जाई, आणि युद्धात त्याचा तुटवडा पडला होता. पुढे धान्यही पुरेना, तेव्हा ब्रिटनमधल्या शाळकरी पोरांना रानातली हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावली. ती पोती कशासाठी भरतोय, ते त्या पोरांना ठाऊक नव्हतं. लॉइड जॉर्ज यांनी उतारवयात लिहून ठेवलं की बाल्फोर घोषणा ही या शोधाची बक्षिशी होती. गोष्ट गोड आहे, पण मी ती खरी धरत नाही; राज्यं रसायनाच्या बदल्यात दिली जात नाहीत. वाइझमन यांचं खरं बळ त्यांच्या बोलण्यात होतं. १९०६ साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात त्यांनी बाल्फोर यांना विचारलं होतं, की लंडनच्या बदल्यात कुणी पॅरिस देऊ केलं, तर घ्याल का? लंडन आमच्याकडे आहेच, असं उत्तर आलं. तेव्हा वाइझमन म्हणाले की लंडन नुसती दलदल होती, त्या काळी आमच्याकडे जेरुसलेम होतं. हा प्रसंग त्यांनीच आत्मचरित्रात सांगितला आहे. ३१ ऑक्टोबर १९१७ ला मंत्रिमंडळाच्या खोलीबाहेर ते ताटकळत होते; साइक्स कागद हातात घेऊन बाहेर आले आणि मुलगा झाल्याची वार्ता द्यावी तसे ओरडले. वाइझमन यांना हा मुलगा मनातल्यासारखा नव्हता. आश्वासनाला लागलेली शेपटं त्यांना दिसत होती.

त्यांतलं शेवटचं शेपूट एका माणसामुळे लागलं. एडविन माँटेग्यू. माँटफर्ड सुधारणांमुळे हे नाव आपण शाळेत पाठ केलेलं; ते जुलै १९१७ मध्ये भारतमंत्री झाले. ते स्वतः ज्यू, आणि घोषणेला सर्वांत कडवा विरोध त्यांचाच. त्यांचे सख्खे चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युएल यांनी १९१५ सालीच पॅलेस्टाइनच्या बाजूनं टिपण लिहिलं होतं. माँटेग्यू यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये उलट टिपण लिहिलं आणि सरकारचं हे धोरणच ज्यूद्वेष्टं ठरेल, असं शीर्षकातच म्हटलं. ज्यूंचं घर पॅलेस्टाइन, असं एकदा ठरलं की प्रत्येक देश आपापल्या ज्यूंना तुम्ही इथले नाही, असं सांगू लागेल, हा त्यांचा धसका. पॅलेस्टाइनमधल्या मुसलमानांना आणि ख्रिश्चनांना जागा मोकळी करून द्यावी लागेल, हेही त्यांनी तिथे लिहिलं. आणि ४ ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांनी विचारलं, की माझं राष्ट्रीय घर तुर्कांच्या मुलखात आहे, असं तुम्ही जगाला सांगितलंत, तर ब्रिटिश सरकारच्या वतीनं मी हिंदुस्थानच्या लोकांशी बोलणी कशी करू?

प्रश्न त्यांनी मांडला आणि ते बोटीवर चढले. निर्णय झाला तेव्हा ते समुद्रावर होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला उतरले, दिल्लीत टिळकांसह कित्येकांना भेटले, स्वराज्याच्या मागण्या ऐकत हिंडले. या प्रवासाचा विचार करताना मला नेहमी वाटतं, की ज्या अटीसाठी ते झगडले, ती अट ज्यांच्याबद्दल होती ते लोक मुंबईच्या धक्क्यापासून फार लांब नव्हते. मांडवीत सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेलं सिनेगॉग आहे. मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडलं, असं सांगतात. आणि खाडीपलीकडे कुलाबा जिल्ह्यात गावोगाव बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, होते.

माझं आजोळ रेवदंड्याचं. शेजारच्या घरून मलिद्याचं ताट आलं की आम्ही पोरं त्यावर तुटून पडायचो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, कडेनं केळी आणि खजूर. एलियाहू हनाबीच्या नावानं प्रार्थना म्हणून झालेली असायची. त्या घरातल्या आजी नऊवारी नेसायच्या, भांडायच्या अस्सल आगरी ठसक्यात, आणि शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत. त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात बाया आणि सात पुरुष वाचले, अशी त्यांची कथा. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांची: पेणकर, रोहेकर, किहिमकर, चेऊलकर. किशिनेवसारखं काही त्यांच्या वाट्याला इथे कधीच आलं नाही. १८९७ साली बाझलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली, तेव्हा तिचं बोलावणं त्यांनाही गेलं होतं. परतणं घडायचं तर ते ईश्वराच्या हातून घडेल, अशा श्रद्धेनं त्यांनी ते नाकारलं.

पन्नास वर्षांनी मात्र ते इस्रायलला निघाले. काही श्रद्धेनं, काही पोटासाठी, काही नुसते भाऊ गेले म्हणून. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद. तिथे त्यांना कातडीच्या रंगावरून हिणवलं गेलं, आणि काहींनी परत पाठवा म्हणून धरणं धरलं; १९५२ साली शंभरावर लोक खरोखरच मुंबईला परत आले. पुढे तिथल्या मुख्य रब्बींनी लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणाची चौकशी सुरू केली, तेव्हा हे शांत, कष्टाळू कोकणी लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, ठराव करून ते सर्वार्थानं ज्यू आहेत, असं मान्य केलं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. त्यांचा मला अभिमान वाटतो. माँटेग्यू यांची भीती आणि वाइझमन यांची आशा, दोन्ही खऱ्या होत्या, आणि दोन्ही याच लोकांच्या आयुष्यातून आरपार गेल्या.

उरते मधली अट, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते तिच्याविषयी. त्या ६७ शब्दांत अरब हा शब्द नाही. १९१७ साली पॅलेस्टाइनमधल्या दर दहा माणसांत नऊ अरब होते, मुसलमान आणि ख्रिश्चन. त्यांचा उल्लेख येतो तो 'ज्यूतर समाज' असा, म्हणजे जे नाहीत त्यावरून. त्यांना नागरी हक्क आहेत, धार्मिक हक्क आहेत. इतर देशांतल्या ज्यूंसाठी आवर्जून घातलेला राजकीय दर्जा त्यांच्या वाट्याला येत नाही. मंत्रिमंडळात हा प्रश्न विचारला तो लॉर्ड कर्झन यांनी. बंगालच्या फाळणीमुळे हे नाव आपल्याकडे कुणी प्रेमानं घेत नाही, पण ऑक्टोबर १९१७ च्या टिपणात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की त्या भूमीत पाचेक लाख मुसलमान राहतात, त्यांचं काय करणार? उत्तर मिळालं नाही. कर्झन यांनीही मग विरोध सोडून दिला.

बाल्फोर यांनी उत्तर दिलं, पण दोन वर्षांनी, आणि तेही खासगी टिपणात. ऑगस्ट १९१९ मध्ये त्यांनी लिहिलं, की पॅलेस्टाइनमधल्या सध्याच्या रहिवाशांची इच्छा विचारण्याचा उपचारसुद्धा पाळण्याचा आमचा विचार नाही. झायोनिझम, बरोबर असो वा चूक, या सात लाख अरबांच्या इच्छांपेक्षा आणि पूर्वग्रहांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. हे वाचताना माझा हात थांबतो. छळलेल्या लोकांना घर मिळावं, हे मला मनापासून पटतं. पुढच्या पंचवीस वर्षांत युरोपात जे घडलं त्यानंतर तर ते कुणालाही पटावं. पण ज्या घरात ते मिळणार, तिथल्या माणसाला विचारायचं नाही, हे आधीच ठरवून टाकलेलं होतं.

१९२२ मध्ये राष्ट्रसंघानं पॅलेस्टाइनचा कारभार ब्रिटनकडे सोपवला आणि ते वाक्य मँडेटच्या मसुद्यात जवळजवळ जसंच्या तसं जाऊन बसलं. एका गृहस्थाला पाठवलेलं पत्र आंतरराष्ट्रीय कायदा झालं. एप्रिल १९२५ मध्ये हिब्रू विद्यापीठाच्या उद्घाटनाला बाल्फोर जेरुसलेमला गेले, तेव्हा ज्यूंनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि अरबांनी दुकानं बंद ठेवून काळे झेंडे लावले. तिथून ते दमास्कसला पोचले, तर जमावानं हॉटेलला गराडा घातला. फ्रेंचांना त्यांना घाईघाईनं बैरुतला नेऊन बोटीवर चढवावं लागलं.

त्याच पॅलेस्टाइनमधलं हैफा बंदर २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईतांनी घोड्यांवरून तोफांवर चालून जाऊन जिंकलं होतं. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्यांच्याच ब्रिगेडच्या स्मरणाचा. तीस वर्षांनी, एप्रिल १९४८ मध्ये, तिथे लढाई झाली आणि हैफातले हजारो अरब त्याच बंदरात येऊन मिळेल त्या होडीत चढले, अक्क्याकडे, लेबनॉनकडे. शहरात काही हजारच मागे राहिले. १४ मे रोजी शेवटचे ब्रिटिश हाय कमिशनर याच बंदरातून निघून गेले. त्याच दुपारी तेल अवीवला बेन-गुरियन यांनी इस्रायलच्या स्थापनेचा जाहीरनामा वाचला आणि त्यात २ नोव्हेंबर १९१७ चा उल्लेख होता. त्या वर्षी सुमारे सात लाख पॅलेस्टिनींची घरं सुटली. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी १९४ क्रमांकाचा ठराव केला: ज्यांना परतून शेजाऱ्यांशी शांततेनं राहायचं आहे त्यांना परतू द्यावं, ज्यांना परतायचं नाही त्यांना भरपाई द्यावी. तो आजही कागदावरच आहे, आणि त्या होड्यांत चढलेल्यांची नातवंडं लेबनॉनच्या छावण्यांत लहानाची मोठी झाली आहेत.